गृहशुश्रूषा केंद्र चालविणाऱ्यांची कर्तव्ये

डिस्चार्ज कार्डावर सही झाली म्हणून रुग्णाची शुश्रूषा संपत नाही. अर्धांगवायू, खुब्याची शस्त्रक्रिया, स्मृतिभ्रंश किंवा कर्करोगाची अंतिम अवस्था अशा व्याधींमध्ये रुग्णसेवेचा मोठा काळ घरीच जातो. मुले परगावी वा परदेशी असल्यास ही जबाबदारी नर्सिंग ब्युरोकडे किंवा एखाद्या कंपनीच्या फ्रँचायझी केंद्राकडे सोपविली जाते. अशा केंद्रचालकांची कर्तव्ये कोणती, हे सेवा देणारे व घेणारे अशा दोघांनाही ठाऊक असावे, या हेतूने हे विवेचन करीत आहोत.

फ्रँचायझीसाठी आपल्या देशात स्वतंत्र कायदा नाही. कंपनी व केंद्रचालक यांचे संबंध मुख्यत्वे परस्परांतील करारानेच ठरतात. ज्येष्ठ नागरिकांना गृहसेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आवश्यक करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडण्यात आले होते. मात्र ते मंजूर न होता २०२४ मध्ये सतराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. तथापि, मोबदला घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कक्षेत येते. 'आम्ही केवळ माणूस पुरवितो' असे म्हणून केंद्रचालकाने हात झटकणे योग्य नव्हे.

१. योग्य व्यक्तीची नेमणूक : परिचारिका आणि मदतनीस यांतील भेद केंद्रचालकाने कटाक्षाने पाळावा. परिचारिकेची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणी स्वतः तपासावी. मदतनीसाची ओळख व पूर्वीच्या कामाची चौकशी करून पोलीस पडताळणी करून घ्यावी.

२. कामाची मर्यादा : स्नान घालणे, भरविणे, चालविणे ही मदतनीसाची कामे होत. इंजेक्शन देणे वा नाकातील नळी बसविणे ही नव्हेत. नळी चुकून श्वासमार्गात गेल्यास अन्न फुप्फुसात उतरून रुग्णाच्या जिवावर बेतते. थोडे पैसे वाचावेत म्हणून मदतनीसाकडूनच अशी कामे करून घेण्याचा आग्रह घरच्यांनी धरला, तरी केंद्रचालकाने तो नाकारला पाहिजे.

३. प्रथम भेट व नोंदवही : सेवा सुरू होण्यापूर्वी अनुभवी परिचारिकेने घरी जाऊन रुग्ण पाहावा आणि डॉक्टरांच्या सूचनांनुसार लेखी शुश्रूषा-आराखडा करावा. औषधे, आहार, लघवीचे प्रमाण व कूस बदलल्याची वेळ रोज नोंदवावी. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी लागते. त्यात हयगय झाल्यास शय्याव्रण होतात आणि ते भरून येण्यास महिनोन्महिने लागू शकतात.

४. अखंड सेवा : मदतनीस अचानक न आल्यास बदली व्यक्ती पाठविणे, रात्रीही दूरध्वनीवर उपलब्ध राहणे आणि प्रकृती बिघडल्यास कोणास कळवावे हे आधीच ठरविणे, ही केंद्राची जबाबदारी आहे.

५. कचऱ्याची विल्हेवाट : जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार घरातील असा कचरा वेगळ्या पिशवीत वा डब्यात भरून नगरपालिकेच्या कचरा संकलकाकडे द्यावयाचा असतो. वापरलेल्या सुया मात्र जाड, न टोचणाऱ्या डब्यातच साठवाव्यात.

६. सेविकांचे हित : परक्या घरात बारा-बारा तास राबणाऱ्या सेविकेला वेळेवर वेतन, विश्रांती, साप्ताहिक सुटी व सुरक्षितता मिळालीच पाहिजे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात राहते घरही कामाचे ठिकाण मानले आहे. दहा वा अधिक कर्मचारी असल्यास केंद्राने अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. थकलेल्या, धास्तावलेल्या सेविकेकडून उत्तम शुश्रूषेची अपेक्षा करता येत नाही.

नातेवाइकांना आमची विनंती अशी की, दर विचारण्यापूर्वी नोंदणी, आराखडा व बदलीची व्यवस्था यांविषयी विचारावे आणि ठरलेले सर्व लेखी घ्यावे. बोलता न येणाऱ्या रुग्णाला स्वतःची तक्रार मांडता येत नाही. त्याच्या वतीने हे प्रश्न विचारणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.