जुनी मोरी नवी करताना

तुमच्या घरात अंघोळीच्या जागेला काय म्हणतात? कोणी मोरी म्हणतात, कोणी न्हाणीघर, तर कोणी बाथरूम. उर्दूत आपण गुसलखाना म्हणतो. 'मोरी' हा शब्द उर्दूलाही परका नाही. तेथे त्याचा अर्थ पाणी वाहून नेणारी नाली असा आहे. पूर्वी पुष्कळ घरांत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बुटका कठडा घालून मोरी केलेली असे. खाली शहाबादी फरशी, बाजूला पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब आणि पाण्याने भरलेले घंगाळ असे तिचे रूप होते.

अशी जुनी मोरी मोडून नवी करण्याची वेळ आज अनेक घरांवर येते. मग सगळे कुटुंब दुकानात जाते आणि टाइल्सच्या रंगावरून वाद सुरू होतो. खरे पाहता टाइल्सचा विचार सर्वांत शेवटी करावा. न्हाणीघराचे महत्त्वाचे काम फरशीच्या खाली आणि भिंतीच्या आत होत असते.

प्रथम पाण्याच्या वाटेकडे पाहू. मोरीतील जाळी उचलली, की खाली एक वाकडे भांडे दिसते. गवंडी त्याला 'ट्रॅप' म्हणतात. त्याच्या बाकात थोडे पाणी नेहमी साचून राहते. हे पाणीच दाराचे काम करते. गटारातील दुर्गंधी आणि झुरळे त्यामुळे वर येऊ शकत नाहीत. वाकड्या नळीची ही युक्ती अलेक्झांडर कमिंग या घड्याळ बनवणाऱ्या कारागिराने 1775 साली आपल्या शौचकूपात वापरली व तिचे पेटंट घेतले. उन्हाळ्याच्या सुटीत तुम्ही गावी जाता आणि परत आल्यावर बाथरूममध्ये वास येतो, तो का? बाकातील पाणी वाळून गेलेले असते. तांब्याभर पाणी ओता, वास थांबेल.

जमिनीचा उतार या जाळीकडे असावा. दर मीटरला एक-दोन सेंटिमीटर उतार पुरतो. उतार तपासण्यासाठी गवंडी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतात. द्रव पदार्थ आपली पातळी समान राखतो, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. तोच नियम येथे कामाला येतो.

जुन्या घरांतील नळ बहुधा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात. मुलामा झिजला, की आतून गंज चढतो, नळीचे तोंड अरुंद होते आणि पाणी बारीक येते. आता त्यांच्या जागी प्लॅस्टिकचे नळ घालतात. मात्र साधे पी.व्ही.सी. गरम पाण्याने मऊ पडते. गरम पाण्यासाठी सी.पी.व्ही.सी. लागते. भिंत बुजवण्यापूर्वी नळांत दाबाने पाणी भरून सांधे तपासून घ्यावेत.

टाइल्स बसवण्याआधी जमिनीवर आणि भिंतींच्या खालच्या भागावर पाणीरोधक लेप देतात. तो वाळला, की जाळी बंद करून पाणी साठवतात, पातळीची खूण भिंतीवर करतात आणि एक-दोन दिवस तसेच ठेवतात. इमारतीत राहत असाल तर खालच्या घरी जाऊन छत पाहा. तेथे ओल दिसली तर काम पुढे नेऊ नका. घाई केली तर आपल्या अंघोळीचे पाणी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात टपकत राहील आणि नव्या टाइल्स पुन्हा फोडाव्या लागतील.

शौचालयही बदलणार असाल तर थोडे गणित करा. जुन्या टाकीतून एका वेळी सुमारे 10 लिटर पाणी जाते. घरात पाच माणसे असतील आणि प्रत्येकाने दिवसातून चार वेळा टाकी सोडली, तर 200 लिटर झाले. नव्या टाकीला दोन कळी असतात, एक 6 लिटरची व दुसरी 3 लिटरची. प्रत्येकाने एकदा मोठी आणि तीनदा छोटी कळ दाबली, तर 75 लिटर पुरतात. दोन दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात वाचलेल्या 125 लिटरांचे मोल सांगायला नको.

आता दादीजान आणि नानीजान यांचा विचार करू. गुळगुळीत चकचकीत टाइल्स दुकानात छान दिसतात, पण ओल्या पायाखाली घसरतात. जमिनीला खरबरीत टाइल्सच घ्याव्यात. टॉवेल टांगण्याची दांडी माणसाचा भार सोसत नाही; म्हणून आधारासाठी वेगळा, भक्कम दांडा भिंतीत घट्ट बसवावा. एक नळ खाली ठेवून त्याच्यासमोर बसायला ओटा केला, तर वजू करतानाही वृद्धांना वाकावे लागत नाही. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे. आत कोणी पडले, तर आत उघडणारे दार त्यांच्याच अंगाने अडते आणि मदतीला जाता येत नाही.

पाणी तापवण्याच्या साधनाबाबत फार सावध राहा. विजेच्या गीझरला चांगले अर्थिंग हवे, बटण बाथरूमबाहेर हवे. घराच्या मुख्य फळ्यावर 30 मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारे आर.सी.सी.बी. बसवून घ्यावे. गॅसचा गीझर तर बंद बाथरूममध्ये मुळीच लावू नये. हवा अपुरी पडली, की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. डोके जड होते, चक्कर येते आणि कडी काढण्याचेही बळ उरत नाही. अशा बंद बाथरूममध्ये माणसे दगावली आहेत. गॅसचा गीझर बाहेर मोकळ्या हवेत बसवावा आणि आत केवळ गरम पाण्याचा नळ आणावा.

आणखी एक छोटे काम तुम्हीच करू शकता. भिंत बुजवण्यापूर्वी कोणता नळ कोठून गेला, हे माप घेऊन वहीत काढून ठेवा. पुढे कोणी आरशासाठी खिळा ठोकायला निघाले, की ती वही त्यांच्या हाती द्या.