शुद्धीकरण : एका शब्दाचे दोन अर्थ

'शुद्धीकरण' हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी चालतो. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तिथल्या सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांची 108 मडकी आणि मंत्र वापरून तळे 'शुद्ध' करून घेतले. हा पहिला अर्थ. दुसरा अर्थ मी शहाद्याच्या शाळेत विज्ञान शिकवताना सांगतो. तो सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा.

शहादा गोमाईच्या काठी आहे. हीच गोमाई पुढे प्रकाशाला तापीस मिळते. प्रकाशाला लोक दक्षिण काशी म्हणतात आणि संगमावर श्रद्धेने स्नान करतात. 2011 च्या जनगणनेत शहाद्याची लोकसंख्या 60 हजारांवर होती. माणशी रोज 135 लिटर पाणी हे शहरी मानक धरले आणि त्यातले 80 टक्के गटारीत जाते असे मानले, तर सुमारे 65 लाख लिटर सांडपाणी रोज तयार होते. ते जसेच्या तसे नदीत गेले तर काय होईल, हा माझा मुलांना पहिला प्रश्न असतो.

उत्तर प्राणवायूत आहे. उन्हाळ्यात स्वच्छ पाण्याच्या एका लिटरात जेमतेम 8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. मैला आणि खरकटे हे जिवाणूंचे अन्न. ते खाताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. अन्न फार झाले की प्राणवायू संपतो, मासे मरतात, पाण्याला कुजका वास सुटतो. काठच्या वस्तीतली बाई वाळूत झिरा उकरून पाणी भरते, तिच्या हंड्यात रोगजंतू येतात.

शुद्धीकरण केंद्र नदीच्या पोटात होणारे हे काम आधीच टाकीत उरकून घेते. प्रथम जाळीवर चिंध्या आणि प्लॅस्टिक अडते. मग वाळू खाली बसते, निवळण टाकीत गाळ बसतो. पुढच्या टाकीत यंत्राने हवा सोडतात. तिथे जिवाणू पोटभर खातात, पण प्राणवायू नदीचा नव्हे, यंत्राने दिलेला वापरतात. नंतर तेही गाळ होऊन तळाशी बसतात. त्यातले काही पुन्हा कामाला लावतात, उरलेला गाळ वेगळा काढतात. शेवटी क्लोरीनने रोगजंतू मारून पाणी सोडतात. ही रीत 1914 साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी जगापुढे मांडली.

आता महाडची मडकी या मापाने मोजा. शेण आणि दूध म्हणजे जिवाणूंना आणखी अन्न. ज्याला शुद्धी म्हटले गेले तिने पाण्यात घाणच घातली. आणि माणसाच्या ओंजळीने त्या पाण्यातला प्राणवायू तिळभरही कमी झाला नव्हता. पाणी जात ओळखत नाही.

परंतु केंद्रापर्यंत पाणी नेणारी गटार मात्र आपल्या समाजाने जातीच्या हवाली केली आहे. माझे वडील एका नगरपालिकेत सफाई कामगार होते. तोंडाला फडके बांधून, हातात बांबूची कामटी घेऊन ते मॅनहोलमध्ये उतरत. बंद गटारीत प्राणवायू संपला की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. मासा ज्या कारणाने मरतो, त्याच कारणाने गटारीत माणूस मरतो. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय कोणालाही गटारीत उतरवणे गुन्हा ठरला. तरी मृत्यू थांबले नाहीत. 20 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपये करावी लागली.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज 7,236 कोटी लिटर सांडपाणी निर्माण होते. त्यातले सुमारे 2,023 कोटी लिटरच प्रत्यक्षात शुद्ध होते. म्हणून आपल्या गावात केंद्राची मागणी केलीच पाहिजे, ते चालू आहे की वीजबिलाअभावी बंद आहे हेही विचारले पाहिजे. मात्र त्याच अर्जात दुसरी मागणी लिहा : गटार उपसणारे यंत्र आधी आणा, माणूस उतरवू नका. नदीला प्राणवायू हवा तसा तो गटारीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसालाही हवा. एकाचा श्वास वाचवून दुसऱ्याचा घेणाऱ्या व्यवस्थेला शुद्धीकरण हा शब्द वापरण्याचा अधिकार नाही.