संप्रेरकांचे तोतये (भाग ४) : आईने घेतलेली गोळी

पेशीत इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा संदेश घेणारा ग्राही (रिसेप्टर) फारसा चिकित्सक नसतो, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. बसायला जमेल असा कुठलाही रेणू आला की पानिपतानंतर भाऊसाहेब पेशवे म्हणून आलेल्या तोतयाला मिळाला तसा त्यालाही मान मिळतो. पण हे झालं प्रयोगशाळेतल्या पेशींचं आणि उंदरांचं. माणसाचं काय, ही शंका रास्त आहे. तिचं सगळ्यात स्पष्ट उत्तर एका औषधात सापडतं.

डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस, १९३८ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलं. रासायनिक कुळ वेगळं, पण इस्ट्रोजेनचं काम चोख करणारं. तोंडावाटे घेता येणारं आणि स्वस्त. त्यावर पेटंट घेतलेलं नव्हतं, त्यामुळे ते बनवायला कंपन्यांची रीघ लागली. बॉस्टनमध्ये जॉर्ज आणि ऑलिव्ह स्मिथ या दांपत्याने असं मांडलं, की संप्रेरकं कमी पडतात म्हणून गर्भ टिकत नाही, तेव्हा डीईएस द्यावं. सहाव्या-सातव्या आठवड्यात रोज ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करायची आणि वाढवत वाढवत पस्तिसाव्या आठवड्यात १२५ मिलिग्रॅमपर्यंत न्यायचं. ज्या संप्रेरकाचा हिशेब शरीर एरवी मायक्रोग्रॅममध्ये ठेवतं, त्याच्या तोतयाचा हा डोस होता.

औषध लागू पडत नाही, हे फार लवकर कळलं होतं. शिकागो विद्यापीठात विल्यम डिकमन यांनी १,६०० हून अधिक गर्भवतींवर चाचणी घेतली. काहींना डीईएस दिलं, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. १९५३ साली निष्कर्ष छापून आला : गर्भपात टळत नाहीत. तरीही अमेरिकेत गोळ्या चालूच राहिल्या. १९५७ मधली एक जाहिरात तर सगळ्याच गर्भवतींना ती घ्यायला सांगत होती. बाळ मोठं आणि सशक्त होईल म्हणून! काहीतरी दिल्याचं समाधान डॉक्टरला, काहीतरी घेतल्याचं आईला. निरुपयोगी औषधं बाजारात टिकतात ती बहुतेक याच भांडवलावर.

मग बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये योनिमार्गाच्या एका विशिष्ट कर्करोगाच्या तरुण मुली येऊ लागल्या. या वयात हा आजार डॉक्टरांनी जवळजवळ पाहिलेलाच नव्हता. कारण कुणालाच उमगेना. त्यातल्या एका मुलीच्या आईनेच विचारलं, पोटुशी असताना मी घेतलेल्या गोळ्यांचा तर हा परिणाम नसेल? आर्थर हर्बस्ट आणि सहकाऱ्यांनी तो धागा पकडून इतर आयांना विचारलं. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात आठ रुग्ण होते. त्यांपैकी सात जणींच्या आईने डीईएस घेतलं होतं. तुलनेसाठी घेतलेल्या ३२ निरोगी मुलींपैकी एकीच्याही आईने घेतलेलं नव्हतं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गर्भवतींना डीईएस देऊ नये असं बजावलं.

बातम्या कर्करोगाच्या झाल्या, पण गोळी घेतलेल्या आयांच्या लेकींत तो साधारण हजारात एकीला झाला. त्याहून कितीतरी जणींना दुसरंच भोगावं लागलं : गर्भाशयाची ठेवण बिघडलेली, दिवस न राहणं, गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती. आईचा गर्भ टिकावा म्हणून दिलेल्या औषधाने लेकीची कूस बाधित केली. ज्यांनी गोळी घेतली त्या आयांना मात्र तेव्हा काहीच जाणवलं नव्हतं. गर्भात अवयव घडत असतात त्या थोड्या आठवड्यांत चुकीचा संदेश पोहोचला, तर घडण कायमची बदलते आणि ती लक्षात येते मूल वयात आल्यावर. विषाची परीक्षा 'किती घेतलं' यावर करायची आपली सवय; इथे 'कधी घेतलं' हेही विचारावं लागतं.

याच डॉड्स यांनी १९३६ मध्ये आणखी एका रेणूत इस्ट्रोजेनचा गुण दाखवून दिला होता. त्याचं नाव बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए. औषध म्हणून तो मागे पडला, पण पुढे पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचा कच्चा माल म्हणून घराघरात शिरला. डीईएसपेक्षा तो फारच दुबळा आहे, त्यामुळे एकाचं पाप सरळ दुसऱ्याच्या माथी मारता येणार नाही. तरी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली त्याची रोजची सुरक्षित मर्यादा एका फटक्यात २०,००० पटींनी खाली आणली. आपल्याकडे २०१५ च्या भारतीय मानकानुसार बाळाच्या दूधबाटलीत बीपीए चालत नाही. पण ऑफिसात किंवा लग्नाच्या मांडवात येणारा पाण्याचा वीस लिटरचा जार उलटा करून पाहा. तळाच्या त्रिकोणात ७ आणि जवळ 'पीसी' असेल, तर तो पॉलिकार्बोनेटचा. जुना, चरे पडलेला असा जार टेम्पोत उन्हात तापत आला असेल, तर मी तरी गर्भवतीला त्यातलं पाणी देणार नाही.

बीपीएचा संशय बळावला तो मात्र एका अपघाताने. १९९८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये, पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत, उंदरांचे प्लास्टिकचे पिंजरे चुकीच्या साबणाने धुतले गेले. पुढच्या आठवड्यात त्या पिंजऱ्यांबद्दल.