‘यू गाइज’ आणि ‘स्वीटी’ : संबोधनाचा राग येणे कितपत योग्य?

नमस्कार, श्रोतेहो.

आज मुद्दाम ‘श्रोतेहो’ म्हटले. चाळीस वर्षे आम्ही व्याख्यानाची सुरुवात ‘मित्रहो’ अशी करत आलो. त्या मित्रांमध्ये मैत्रिणी धरल्या आहेत की नाहीत, हे आम्ही कधी स्वतःला विचारले नाही. आजचा विषय त्याच जातीचा आहे, फक्त तो इंग्रजीतला आहे. रोजच्या बोलण्यातल्या इंग्रजीत ‘यू गाइज’, ‘स्वीटी’, ‘लव्ह’, ‘यंग लेडी’ अशी सैल संबोधने सर्रास चालतात, आणि काही माणसांना त्यांचा राग येतो. हा राग नुसता चिडखोरपणा आहे, की त्याला काही आधार आहे? एवढाच प्रश्न आज घेऊ.

आधी प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे अमेरिकेत लेकीकडे गेलो होतो. एका हॉटेलात विशीतला वेटर आला आणि म्हणाला, ‘हाउ आर यू गाइज डूइंग टुडे?’ आम्ही हसून ‘फाइन’ म्हटले. आमच्या हिने हळूच विचारले, ‘यात मी आहे का हो?’ आम्ही म्हटले, ‘अगं, इथे तसंच म्हणतात.’ विषय संपला.

पंधरा दिवसांनी ती जिन्यात घसरली आणि मनगट मोडले. रुग्णालयात एक नर्स होती, तिशीतली, स्वभावाने खरोखर प्रेमळ. ती हिला ‘स्वीटी’ म्हणे, ‘हनी’ म्हणे. हिने बोटे हलवून दाखवली तर म्हणाली, ‘गुड गर्ल!’ एकतीस वर्षे कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेली बाई ही! त्याच खोलीत आम्हाला मात्र ‘सर’. औषधांबद्दल बोलणे झाले ते लेकीशी. गोळीने गरगरते आहे, हे हिने तिथे सांगितलेच नाही, रात्री घरी आल्यावर सांगितले. का गप्प बसलीस असे विचारले, तर म्हणाली, ‘मला तिथे कुणी विचारतच नव्हतं हो. नुसतं गोंजारत होते.’

तेव्हा आम्हाला हॉटेलातला तिचा प्रश्न आठवला. तो आम्ही फार लवकर निकालात काढला होता.

आता शब्दाकडे वळू. ‘गाय’ हा शब्द मुळात एका माणसाचे नाव आहे. 1605 साली इंग्लंडचे पार्लमेंट दारूगोळ्याने उडवून देण्याचा कट पकडला गेला, त्यात गाय फॉक्स सापडला. दरवर्षी 5 नोव्हेंबरला त्याचे पुतळे जाळायची प्रथा पडली, आणि चिंध्यांच्या त्या पुतळ्याला ‘गाय’ म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकात गबाळ्या, विचित्र पोशाखाच्या माणसाला ‘गाय’ म्हणत. पुढे अमेरिकेत कोणताही पुरुष म्हणजे ‘गाय’ झाला, आणि विसाव्या शतकात ‘यू गाइज’मध्ये बायकाही आल्या. मराठी कानाला एकवचनात ‘गाय’ ऐकू येते आणि ती तर स्त्रीलिंगी, हा आपला वेगळा विनोद!

पण हा शब्द इतका पसरला कशामुळे? इंग्रजीत एक भोक पडले होते, म्हणून. जुन्या इंग्रजीत एकाला ‘दाऊ’ आणि अनेकांना ‘यू’चे रूप असे. पुढे मान देण्यासाठी एकालाही ‘यू’ म्हणू लागले, आणि हळूहळू प्रमाण इंग्रजीतून ‘दाऊ’ गेलेच. क्वेकर पंथाचे लोक मात्र सगळ्यांना समान मानायचे म्हणून न्यायाधीशालाही ‘दाऊ’ म्हणत, आणि त्यापायी लोकांचा राग ओढवून घेत. तर ‘दाऊ’ गेल्यावर एकालाही ‘यू’ आणि शंभरांनाही ‘यू’. मग अनेकवचन दाखवायचे कसे? अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यॉल’ आले, पिट्सबर्गकडे ‘यिंझ’, ब्रिटनमध्ये ‘यू लॉट’, आणि बाकी बहुतेक अमेरिकेत ‘यू गाइज’. म्हणजे तो वेटर काही पुरुषी अहंकाराने बोलत नव्हता. भाषेतले भोक बुजवत होता.

लोक म्हणतात, ‘गाइज’ आता तटस्थ शब्द झाला आहे. बघू या. ‘दाराशी दोन गाइज उभे होते’ असे इंग्रजीत ऐकल्यावर दोन बायका कुणाच्या डोळ्यांसमोर येतात का? नाही येत. म्हणजे शब्द फक्त समोरासमोरच्या अनेकवचनात तटस्थ आहे, बाकी सगळीकडे पुरुष. दुसरी परीक्षा आणखी सोपी. पाच पुरुष आणि पाच स्त्रियांच्या घोळक्याला ‘यू गर्ल्स’ म्हणून पाहा. पुरुष म्हणतील, चेष्टा करता काय? पुरुषाच्या नावाखाली बाईने यायचे, बाईच्या नावाखाली पुरुषाने मात्र नाही. सिमोन द बोव्हारने 1949 च्या ‘द सेकंड सेक्स’मध्ये नेमके हेच दाखवले: पुरुष हा एक पक्षही असतो आणि सर्वसाधारण माणूसही तोच असतो. हिचा ‘यात मी आहे का हो?’ हा प्रश्न इथला आहे.

तरीसुद्धा ‘गाइज’ आणि ‘स्वीटी’ यांत फरक आहे. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी 1960 साली सर्वनामांवर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, संबोधनामागे दोन गोष्टी काम करतात: सत्ता आणि जवळीक. दोघेही एकमेकांना ‘तू’ म्हणतात तेव्हा जवळीक असते. एक ‘तू’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘आपण’ म्हणावे लागते तेव्हा सत्ता असते. हे मराठी माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. जुन्या घरात नवऱ्याला ‘अहो’ आणि बायकोला ‘अगं’. मघाच्या संवादात आम्हीही तेच केले, तुमच्या लक्षात आले असेल.

यातून एक कसोटी काढता येते: हाक उलटी मारता येते का? इंग्लंडात नॉटिंगहॅमकडे ‘मी डक’ म्हणतात. दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो, गिऱ्हाईक दुकानदाराला, बाई पुरुषाला, पुरुष बाईला. कुणाचे काही अडत नाही, कारण ते परत देता येते. ‘गाइज’सुद्धा बऱ्याच अंशी परत देता येते. पण पलंगावरच्या पेशंटने नर्सला किंवा डॉक्टरांना ‘गुड गर्ल’ म्हणून पाहावे! ‘स्वीटी’ एकाच दिशेने जाते, वरून खाली. म्हाताऱ्यांशी लहान मुलांसारखे बोलण्याच्या या पद्धतीला इंग्रजीत ‘एल्डरस्पीक’ असे नावच आहे.

‘एवढ्याशा शब्दाचे काय घेऊन बसलात?’ असे कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी एक खटला सांगतो. 1963 साली अलाबामातल्या गॅड्सडेन इथे मेरी हॅमिल्टन ही नागरी हक्क चळवळीतली कृष्णवर्णीय कार्यकर्ती साक्षीदार म्हणून उभी होती. तिथल्या रिवाजाप्रमाणे गोऱ्या साक्षीदार बाईला ‘मिस’ किंवा ‘मिसेस’ आणि आडनाव, काळ्या बाईला नुसते पहिले नाव. सरकारी वकील तिला ‘मेरी’ म्हणू लागला. तिने सांगितले, मला नीट संबोधल्याशिवाय उत्तर देणार नाही. न्यायाधीशांनी न्यायालयाचा अवमान ठरवून पाच दिवस तुरुंगवास आणि 50 डॉलर दंड केला. 1964 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. नुसत्या ‘मिस’साठी एक बाई तुरुंगात गेली. तिला लाड नको होते, दुसऱ्यांना आपोआप मिळणारी जागा हवी होती.

गंमत म्हणजे हे ‘मिस’ आणि ‘मिसेस’सुद्धा निर्दोष नाहीत. दोन्ही ‘मिस्ट्रेस’ या एकाच शब्दापासून आले, पण पुढे ते बाईचे लग्न झाले की नाही हे सांगू लागले. ‘मिस्टर’ असे काही सांगत नाही. म्हणून ‘मिझ’ हे संबोधन 1901 मध्येच मॅसॅच्युसेट्समधल्या एका वर्तमानपत्राने सुचवले होते. ते रुळले सत्तरच्या दशकातल्या स्त्रीमुक्ती चळवळीमुळे, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते स्वीकारले 1986 साली. आपल्याकडच्या ‘कु.’, ‘सौ.’, ‘श्रीमती’ची गोष्ट वेगळी नाही. ‘श्रीमती’ लिहिले की पुष्कळांना नवरा हयात नाही असे वाटते.

आता सर्वांत बळकट आक्षेप. ‘त्या नर्सच्या मनात वाईट काही नव्हते ना? मग राग कशाचा?’ जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने दाखवून दिले की बोलणे ही नुसती माहिती नसते, ती कृती असते. ‘मी वचन देतो’ म्हटले की वचन दिले जाते, मग मनात काही का असेना. तसे हाक मारणे हीसुद्धा कृती आहे. आपण समोरच्याला एका जागेवर बसवतो. हेतू चांगला असेल तर हाक मारणाऱ्याचा दोष कमी होतो, हे आम्हाला मान्य आहे. पण ज्याला बसवले, त्याची जागा त्यामुळे बदलत नाही. आमच्या हिला लहान मुलाच्या जागी बसवले, आणि लहान मुलाला औषधाबद्दल कुणी विचारत नाही. ती गप्प राहिली ती म्हणून.

तेव्हा आमचे उत्तर असे: राग योग्य आहे, पण तो माणसावर नको, शब्दावर असावा. आणि सगळ्या शब्दांवर सारखा नको. ‘गाइज’ला सोपे पर्याय आहेत: ‘एव्हरीवन’, ‘ऑल ऑफ यू’. लंडनच्या भुयारी रेल्वेने 2017 मध्ये ‘लेडीज अँड जंटलमेन’ सोडून ‘हॅलो एव्हरीवन’ म्हणायला सुरुवात केली, गाड्या काही थांबल्या नाहीत. आणि ‘स्वीटी’च्या बाबतीत एकच करायचे: समोरच्याला विचारायचे, तुम्हाला काय म्हणू?

दहा दिवसांनी पुन्हा दाखवायला गेलो. तीच नर्स होती. हिने शांतपणे आपले नाव सांगितले आणि म्हणाली, मला या नावाने हाक मारा. नर्स क्षणभर थांबली, उच्चार विचारला, दोनदा म्हणून पाहिला आणि तिसऱ्यांदा बरोबर म्हटला. मग हिने गरगरण्याचे सांगितले. गोळी बदलून मिळाली.

आता तुमचे प्रश्न घेऊ.