अंतर जास्त, तरी वेळ कमी? दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण

संशोधनाच्या आराखड्यात 'अंतर' आणि 'प्रवासाचा वेळ' हे दोन चल आले की बरेच विद्यार्थी सोपी वाट धरतात. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, अंतर काढायचं, सरासरी वेगाने भागायचं, झाला वेळ तयार! यात एक गृहीतक लपलेलं असतं: अंतर जास्त म्हणजे वेळही जास्त. ते कुठे उलटं पडतं, बघू.

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को घ्या. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरून दोन विमानतळांमधलं गोलावरचं कमीत कमी अंतर काढलं तर सुमारे १२,४०० किमी येतं. ही रेषा आर्क्टिक प्रदेशावरून जाते. पण विमान याच रेषेवरून जाईल असं नाही.

एअर इंडियाचं विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडून जायचं. तो मार्ग सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात झाली. हा मार्ग सुमारे १५,३०० किमी, म्हणजे तब्बल १,४०० किमी जास्त. आणि वेळ? साधारण १४.५ तास, आधीपेक्षा जवळपास २ तास कमी!

आता गणित करू. १५,३०० भागिले १४.५ म्हणजे ताशी सुमारे १,०५५ किमी. पण या मार्गावरचं बोईंग ७७७ हवेच्या तुलनेत ताशी ९०० किमीच्या आसपासच उडतं. मग वरचे दीडशे आले कुठून? वाऱ्यातून. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. पूर्वेकडे जाणाऱ्याला ते पाठीमागून ढकलतात, पश्चिमेकडे जाणाऱ्याला अडवतात.

म्हणून इथे तिसरं एक अंतर मोजावं लागतं: विमानाने हवेतून किती अंतर कापलं. पॅसिफिकवरून ९०० × १४.५ = १३,०५० किमी. अटलांटिकवरून ९०० × १६.५ = १४,८५० किमी. म्हणजे जमिनीवर लांब असलेला मार्ग हवेत आखूड निघाला! इंधन मुख्यतः या हवेतल्या अंतरावर खर्च होतं, त्यामुळे कंपनीसाठी हाच आकडा कामाचा.

वेळेचंही तसंच. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ दिल्लीपेक्षा १२.५ तास मागे असतं. १४.५ तास उडूनही स्थानिक घड्याळं फक्त २ तासांचा फरक दाखवतात. वेळापत्रकातल्या सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळा थेट वजा केल्या, तर अख्खा डेटासेट बिघडेल.

मुद्दा फक्त विमानांचा नाही. गावापासून दवाखाना, घरापासून शाळा, असे चल आपण सर्रास वापरतो. डोंगर किंवा नदी मध्ये असेल तर नकाशावरचे ५ किमी आणि चालायचे ५ किमी एक नसतात. म्हणून आधी प्रश्न ठरवा, मग त्याला लागणारं अंतर ठरवा, आणि त्याची व्याख्या आराखड्यात स्पष्ट लिहा. मुलाखतीत यावर हमखास विचारतात.

जाता जाता एक गृहपाठ. हेच विमान त्याच पॅसिफिक मार्गाने परत आणलं आणि तोच ताशी १५० किमीचा वारा समोरून असला, तर किती तास लागतील? काढून बघा. मग तुमच्या मॉडेलमध्ये 'अ ते ब' आणि 'ब ते अ' या दोन्हींना एकच वेळ दिली आहे का, तेही तपासा.