निळी स्क्रीन आली? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

सकाळी शटर वर केलं, बिलिंगचा कॉम्प्युटर चालू केला आणि विंडोज उघडण्याऐवजी निळ्या स्क्रीनवर 'एसीपीआय बायोस एरर' आलं, तर बऱ्याचदा पहिला सल्ला मिळतो, "फॉरमॅट मारावं लागेल." थांबा! तुमची बिलं, उधारीची खाती, जीएसटीचा डेटा त्या डिस्कवर आहे, आणि दोष बहुधा डिस्कमध्ये नाहीच.

एसीपीआय हे वीज-व्यवस्थापनाचे ठरलेले नियम. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते १९९६ मध्ये आणले. मशीन सुरू होताना मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे आपला बायोस, विंडोजच्या हाती काही तक्ते देतो : प्रोसेसर किती, बॅटरी कुठे, मशीन झोपवायचं-उठवायचं कसं. तक्त्यातच घोळ असेल तर विंडोज तिथेच हात टेकतं. नवीन विंडोज टाकलं तरी त्याला मिळणार तेच तक्ते ना!

आधी आठवा, काल काय बदललं? नवी रॅम, नवं कार्ड? काढून बघा. मग बायोसमध्ये जा (बहुतेक ठिकाणी डिलीट किंवा एफ२), प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो घ्या आणि मगच डिफॉल्ट सेटिंग लोड करा. फोटो यासाठी की त्यात साटा मोड बदलला तर विंडोज दुसऱ्याच कारणाने अडतं. तारीख सारखी मागे जात असेल तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. स्वस्तातलं काम आहे.

नाहीच जमलं तर बायोस अपडेट. पण त्याआधी डेटा बाहेर काढा. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा. तेही अडकलं तर ग्रब मेनूत 'ई' दाबून, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इंग्रजीत 'एसीपीआय=ऑफ' लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की लागेलच, अपडेटनंतरसुद्धा. अपडेटची फाइल बोर्डाच्या कंपनीच्याच साइटवरून घ्या, मॉडेल आणि रिव्हिजन जुळवून. आणि यूपीएसशिवाय हात लावू नका. मध्येच लाइट गेली तर बोर्डच जाऊ शकतो.

हो, 'एसीपीआय=ऑफ' लिहिल्यावर शटडाउन करूनही मशीन आपोआप बंद होत नाही, तेव्हा घाबरू नका. काम थांबल्याचा मेसेज आला की पॉवरचं बटण दाबून धरा.