एक कार्ड कीं दोन?

श्रोतेहो, एका ग्राफिक्स कार्डाशेजारीं जुन्या बाजारांतील दुसरें बसविलें, तर वेग दुप्पट होईल काय? एनव्हिडियानें २००४ सालीं आणलेल्या एसएलआय जोडणींत बहुधा एक चित्र पहिलें कार्ड काढी, पुढील दुसरें. सरासरी वाढे, पण चित्रांतील अंतर विषम पडे. समजा, एक चित्र ५ व दुसरें ३५ सहस्रांश सेकंदांनीं आलें. सरासरी २०, म्हणजे सेकंदास ५० चित्रें; डोळ्यांस मात्र ३५ चा खंड टोंचतो. एकाच कार्डाचें ओव्हरक्लॉकिंग केल्यास ही विषमता उद्भवत नाहीं. परंतु त्यासाठीं व्होल्टेज वाढविल्यास उष्णता सुमारें त्याच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० वर तर जोडणीची सोयच नाहीं. तेव्हां पैसे मोजण्यापूर्वीं सरासरीबरोबर सर्वांत मंद चित्रेंहि मोजावीं, हेंच बरें.